आजार लपवू नका, पण गल्लीत सांगूही नका

आरोग्य विम्याचा फॉर्म आपल्या घरात भरला जातो, तेव्हा त्या खोलीत कोण कोण बसलेले असते, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

उत्तर नागपुरातील एका वस्तीमधल्या घराची ही हकीकत आहे. नावे आम्ही देत नाही. का देत नाही, ते लेख वाचून झाल्यावर वाचकांना आपोआप कळेल. घर दोन खोल्यांचे. वडील वर्कशॉपमध्ये वेल्डर, आई दोन ठिकाणी स्वयंपाक करते. पदरी दोन मुली. धाकटीला सिकलसेल, एसएस पॅटर्न. ती चार वर्षांची असताना सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. तेव्हा मिळालेले कार्ड आईने कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवले, ते आजवर तिथेच आहे.

एका रविवारी संध्याकाळी विम्याचा एजंट आला. तो परका नव्हता, दोन गल्ल्या सोडून राहणारा वस्तीतलाच मुलगा. खाटेवर बसून त्याने फॉर्म काढला. दारात शेजारच्या दोन बाया उभ्या होत्या, त्यांनाही विमा काढायचा होता. त्यात मोठ्या मुलीची सोयरीक जुळत आलेली. मुलाकडची मावशी नेमकी त्याच दिवशी चहाला आली होती. एजंटने कागदावरून मान वर न करता सगळ्यांसमोर विचारले, "काकू, घरात कोणाले काही आजार-बिजार?"

आई म्हणाली, "नाही जी. काही नाही."

एजंटने सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही'वर खुणा केल्या. इंग्रजीत छापलेल्या कागदावर वडिलांनी दाखवले तिथे तिथे सही केली. चहा झाला. विमा निघाला.

त्यानंतर चार वर्षे सात महिने या कुटुंबाने पोटाला चिमटा घेऊन हप्ते भरले. मग एका रात्री धाकटीला क्रायसिस आला. हातपाय, पाठ, छाती, सगळीकडे असह्य वेदना. दोन वाजता जो दवाखाना उघडा सापडला तिथे तिला नेले. तो खासगी होता आणि सरकारी योजनेच्या यादीत नव्हता. डॉक्टरांनी विचारले, आईने सांगितले, आणि केस पेपरवर नोंद झाली: सिकलसेल, लहानपणापासून. विमा कंपनीच्या माणसांनी एका हातात तो केस पेपर घेतला आणि दुसऱ्या हातात जुना फॉर्म. क्लेम नामंजूर झाला. एवढेच नाही, माहिती लपवली म्हणून चौघांचीही पॉलिसी रद्द झाली. दवाखान्याचे अडुसष्ट हजार रुपये बचत गटातून आणि सोनाराकडे दागिना ठेवून भरावे लागले.

कंपनीचे पत्र इंग्रजीत होते. ते वाचून घेण्यासाठी दोघे नवराबायको आमच्याकडे आले. आम्ही वाचून दाखवले. बाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मी खोटं बोलली काय हो?"

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिला आहे.

उत्तर कोणाला दिले?

कायद्याच्या भाषेत पाहिले तर फॉर्मवर असत्य लिहिले गेले, हे खरेच आहे. पण त्या माउलीने 'नाही' म्हटले ते कंपनीला नव्हे. कंपनी तिच्या डोळ्यांसमोर नव्हतीच. तिच्यासमोर शेजारणी होत्या आणि होणाऱ्या व्याह्यांची मावशी होती. तिने उत्तर दिले ते दाराला आणि गल्लीला. कंपनीने आपला प्रश्न एजंटच्या तोंडून सगळ्या गल्लीसमोर विचारला, आणि उत्तर मात्र आपल्याला एकांतात दिले आहे असे मानून घेतले.

मोठ्या घरांत विमा निघतो तेव्हा दार लावून बसतात, डॉक्टर आणि वकील घरचे असतात. आपल्याकडे दोन खोल्या, पातळ भिंती आणि उघडे दार. खाजगीपण ही श्रीमंतांची चैन आहे असा आपला समज झाला आहे. अनुभव उलटा आहे. ज्याला आडोसा नाही त्याला खरे बोलणे परवडत नाही, आणि खरे बोलला नाही तर विम्याचे पैसे मिळत नाहीत. म्हणजे आडोसा नसल्याची किंमत गरिबालाच रोख मोजावी लागते.

म्हणून आमचे म्हणणे दोन वाक्यांत सांगतो. ज्याला विचारण्याचा हक्क आहे त्याला पूर्ण खरे सांगा, लेखी सांगा. ज्याला तो हक्क नाही त्याला काहीही सांगू नका, आणि त्याची लाजही बाळगू नका. लपवणे वेगळे आणि आपले आपल्यापाशी ठेवणे वेगळे.

आपल्या रक्तातली गोष्ट

सिकलसेलचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले. विदर्भात बौद्ध, आदिवासी आणि इतर काही समाजांत हा आजार जास्त आढळतो. नागपुरातील डॉक्टरांनी १९५० च्या दशकातच त्याची नोंद केली होती. जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरियाचा कहर होता, तिथे हा गुण रक्तात टिकून राहिला, कारण वाहकाला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. हे निसर्गाचे गणित आहे. त्यात कोणाचे पाप नाही आणि कोणत्या जातीचा कलंक नाही. हा आजार शिवण्याने होत नाही, एका ताटात जेवण्याने होत नाही.

एएस म्हणजे वाहक. तो सहसा निरोगी आयुष्य जगतो. एसएस म्हणजे पीडित. त्याला औषधोपचार आणि काळजी लागते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल एसएस होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणूनच लग्नाआधी तपासणी महत्त्वाची आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले. अभियान चांगले आहे, तपासणी अवश्य करावी. पण तपासणी झाली की कागद तयार होतो. तो कागद कोणाच्या हाती जातो, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

सिकलसेलच्या जागी क्षयरोग ठेवा, एचआयव्ही ठेवा, फिट येणे ठेवा, मनाचा आजार ठेवा, बाईच्या गर्भाशयाचा आजार ठेवा. गोष्ट तीच राहते.

कंपनी काय विचारू शकते?

विमा कंपनीला आजाराबद्दल विचारण्याचा हक्क आहे, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. विम्याचा करार पूर्ण विश्वासावर उभा असतो. कंपनीला आपल्या घरातले काही ठाऊक नसते, आपल्याला सगळे ठाऊक असते. म्हणून विचारलेली महत्त्वाची गोष्ट सांगितली नाही तर क्लेम नाकारता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली एका मेडिक्लेमच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे. 'कोणाला कळणार आहे' असे म्हणणाऱ्या एजंटचे ऐकू नका. क्लेमच्या वेळी दवाखान्याचे सगळे कागद कंपनी मागवते, आणि तेव्हा सगळे कळते.

उलट बाजूही समजून घ्या. आजार सांगितला म्हणजे विमा मिळणारच नाही, असे नाही. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे, पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्या आजाराचे निदान झाले किंवा ज्यावर उपचार घेतले, तो 'आधीपासूनचा आजार' धरला जातो. अशा आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते. पूर्वी ही मुदत ४८ महिने होती. मुदत संपली की त्या आजाराचाही खर्च मिळू शकतो. आनुवंशिक आजार म्हणून सरसकट वगळण्याची अट घालता येणार नाही, असेही प्राधिकरणाने २०१९ साली ठरवून दिले. आणि पॉलिसी सलग ६० महिने चालली, तर त्यानंतर 'माहिती दिली नाही' या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तरच नाकारता येतो.

आता वरच्या घराचा हिशेब करा. त्यांनी आजार सांगितला असता तर चार वर्षांची जुनी मुदतही चार वर्षे सात महिन्यांत संपली असती. न सांगता चालले असते तर साठ महिन्यांना पाच महिने कमी पडले. सांगितल्यावर कंपनीने कदाचित हप्ता वाढवला असता, कदाचित विमा नाकारलाही असता. पण नाकारला असता तर चार वर्षांचे हप्ते तरी घरात राहिले असते.

सांगितलेली गोष्ट पुढे आपल्या बाजूने उभी राहते, याचेही उदाहरण आहे. २०२१ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, अर्जदाराने आपला आजार सांगितला आहे आणि कंपनीने तो पाहून पॉलिसी दिली आहे, तर नंतर त्याच आजाराचे कारण दाखवून कंपनीला हात झटकता येणार नाहीत. त्या प्रकरणात अर्जदाराने मधुमेह असल्याचे सांगितले होते.

सहीच्या वरचा मजकूर

फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरांत एक घोषणा असते. आपण तिथेच सही करतो आणि तेच वाचत नाही. त्यात साधारण असे लिहिलेले असते की, मला तपासणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडून, दवाखान्याकडून, माझ्या आजच्या किंवा पूर्वीच्या मालकाकडून आणि इतर विमा कंपन्यांकडून माझ्या प्रकृतीची माहिती घ्यायला मी परवानगी देतो. म्हणजे एका सहीने आपण चार दारे उघडून देतो.

पण त्याच घोषणेत एक मर्यादाही असते. ही माहिती विमा स्वीकारायचा की नाही हे ठरवण्यासाठी आणि क्लेम निकाली काढण्यासाठीच वापरायची, आणि सरकार किंवा नियामकाने मागितली तर त्यांना द्यायची. आपल्या हक्काची ओळ हीच आहे. त्यात एजंटची बायको बसत नाही, वस्तीतला नगरसेवक बसत नाही, सोयरिकीची मावशी बसत नाही. एजंटने आपला आजार बाहेर बोलून दाखवला, तर तो आपण दिलेल्या परवानगीच्या बाहेर गेला. त्याची लेखी तक्रार कंपनीकडे करता येते.

कायदा आपल्या बाजूला आहे

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सांगितले की, खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे. बाबासाहेबांच्या संविधानातील अनुच्छेद २१, म्हणजे जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क, त्याच्या पोटातच हा हक्क आहे. आपल्या आजाराचा कागद हाही त्या हक्काचा भाग आहे.

डॉक्टरांना तर हे बंधन आधीपासून आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाचे गुपित डॉक्टरने बाहेर सांगायचे नाही. न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि सरकारला कळवणे सक्तीचे असलेले आजार, एवढेच अपवाद आहेत. याच नियमांत दुसरी एक गोष्ट आहे, ती फार थोड्यांना माहीत असते. रुग्णाने स्वतःचे कागद मागितले तर ते ७२ तासांत द्यायचे. त्याही आधी, १९९६ साली, मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले होते की, केस पेपरच्या प्रती रुग्णाला किंवा त्याच्या नातलगांना देण्याचे दवाखान्यांना नाकारता येणार नाही. कागद दवाखान्याच्या कपाटात असला तरी त्यातली हकीकत आपली असते.

एचआयव्हीसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय तपासणी करायची नाही आणि रुग्णाची स्थिती उघड करायची नाही, हा त्याचा गाभा आहे. विमा देताना भेदभाव करायलाही त्यात मनाई आहे. जोखमीच्या गणिताचा शास्त्रीय आधार दाखवता आला, तरच वेगळी वागणूक चालते. मनाच्या आजारासाठीही २०१७ चाच कायदा आहे. शरीराच्या आजाराला जसा विमा, तसाच मनाच्या आजाराला द्यावा, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवावी, असे तो सांगतो.

मोबाइल आणि संगणकातल्या माहितीसाठी २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी तिथून अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. या कायद्यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. माहिती कशासाठी घेतली जाते, त्याची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मागता येईल. मराठी त्या अनुसूचीत आहे. इंग्रजी कागदावर मुकाट्याने सही करण्याचे दिवस संपवणे आता आपल्याही हाती आहे.

नाव झाकून न्याय मागता येतो

आजार उघड झाला तर कोर्टात तरी कसे जायचे, तिथेही नाव पुकारतील, ही भीती पुष्कळांना असते. ती घालवणारा खटला आपल्या मुंबईतच झाला. सार्वजनिक क्षेत्रातील एका महामंडळात रोजंदारीवर काम करणारा एक कामगार होता. कायम करण्यापूर्वी त्याची तपासणी केली. तो एचआयव्हीबाधित निघाला आणि त्याचे काम गेले, काम करण्याइतका तो धडधाकट होता तरी. तो उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने त्याला नाव न लावता केवळ इंग्रजी अक्षरे लावून दाद मागू दिली. १९९७ साली निकाल त्याच्या बाजूने लागला. त्या कामगाराचे नाव आजही कोणाला माहीत नाही. निकाल मात्र देशभरचे वकील वाचतात. आपले नाव झाकून आपला हक्क उघडपणे मागता येतो, हे एका रोजंदारी कामगाराने दाखवून दिले.

जिथे हा प्रश्नच विचारत नाहीत

इथे एका जुन्या गोष्टीची आठवण ठेवली पाहिजे. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या काळात कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे सोपवले गेले. त्यांचा अहवाल १९४४ साली आला आणि त्याच पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला. नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला गेला, पण योजनेचे तत्त्व तेच आहे. पगारातून कामगाराचा वाटा, मालकाचा त्याहून मोठा वाटा, आणि विमा सगळ्यांना. 'तुला आधी कोणता आजार होता' असे तिथे दारात विचारत नाहीत. कामगार आहे, एवढे पुरे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही जुना आजार आडवा येत नाही. २०२४ पासून तिच्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण दिले गेले. तेव्हा खासगी विमा काढण्याआधी ईएसआयचे कार्ड आपल्याला लागू होते का, फुले योजनेतील दवाखाने आपल्या भागात कोणते, हे आधी पाहावे. जिथे गुपित सांगावेच लागत नाही, ते दार आधी ठोठवावे. वरच्या घरातल्या वेल्डरभाऊंच्या वर्कशॉपमध्ये ईएसआय लागू होते की नाही, हे त्यांनी इतक्या वर्षांत मालकाला विचारलेच नव्हते.

घरात पाळायच्या गोष्टी

फॉर्म भरायचा असेल तेव्हा एजंटला वेळ ठरवून बोलवा. पाहुणे आणि शेजारी असतील तर 'उद्या या' म्हणा. यात शिष्टपणा नाही. विहारात किंवा समाजमंदिरात विम्याचे शिबिर लावणाऱ्या कार्यकर्त्यांनाही आमची विनंती आहे की, माहिती सगळ्यांना एकत्र द्या, पण फॉर्म भरताना एका वेळी एकच कुटुंब आत घ्या. एक पडदा लावायला काही लागत नाही.

आजाराचे प्रश्न एजंटला मोठ्याने वाचू देऊ नका. घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने ते वाचावेत, मराठीत समजावून सांगावेत आणि उत्तरे आपल्या हाताने लिहावीत. दुसऱ्याने फॉर्म भरला असेल, तर मजकूर मला समजावून सांगितला अशा अर्थाचे प्रमाणपत्र शेवटी असते. खरोखर समजावले असेल तरच तिथे सही करा.

जे विचारले त्याचे नेमके उत्तर द्या. वाहक असाल आणि रक्ताच्या किंवा आनुवंशिक आजाराबद्दल विचारले असेल, तर 'सिकलसेल एएस, वाहक, लक्षणे नाहीत, उपचार चालू नाहीत' असे लिहा. नुसते 'सिकलसेल' लिहिले तर पीडित समजतील, आणि 'नाही' लिहिले तर लपवले म्हणतील. जे विचारलेच नाही ते गप्पांच्या ओघात सांगत बसू नका.

रिपोर्टचे फोटो एजंटच्या व्हॉट्सअॅपवर टाकू नका. त्याच्या मोबाइलमध्ये ते किती वर्षे राहतील आणि कोण पाहील, सांगता येत नाही. कंपनीच्या कार्यालयात प्रत द्या आणि पोच घ्या, किंवा कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर पाठवा. मोठ्या संस्थांतूनही माहिती फुटते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्स रुग्णालयाचे संगणक सायबर हल्ल्याने बंद पडले होते. २०२४ साली एका मोठ्या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती चोरीला गेली. म्हणून लागेल तेवढाच कागद द्या. आजाराचा कागद मागितला असेल तर सगळी फाईल देऊ नका.

'आभा' नावाचा चौदा आकडी आरोग्य क्रमांक काढायचा की नाही, हे ऐच्छिक आहे. त्यातले कागद दाखवण्याची परवानगी आपण द्यायची असते, आणि दिलेली परवानगी परत घेता येते. मोबाइलवर आलेला ओटीपी कशासाठी आहे, ते विचारल्याशिवाय कोणाला सांगू नका.

पॉलिसी हाती आली की तिच्याबरोबर आपण भरलेल्या फॉर्मची प्रत आली आहे का, ते पाहा. नसेल तर मागा, ती मोफत मिळते. पॉलिसी मिळाल्यापासून तीस दिवस विचार करायला असतात, आणि त्या मुदतीत ती परतही करता येते. या तीस दिवसांत एका रात्री जेवणे झाल्यावर, दार लावून, सगळ्यांनी मिळून तो फॉर्म वाचा. कुठे चुकून 'नाही' लिहिले गेले असेल, तर लगेच लेखी कळवून दुरुस्त करा. मुदत निघून गेली असली तरी कळवलेले बरे. कंपनी हप्ता वाढवील, मुदत घालील, क्वचित पॉलिसी रद्दही करील. पण दवाखान्याच्या खाटेवर कळण्यापेक्षा आधी कळणे चांगले.

क्लेम नाकारला तर तिथेच थांबू नका. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. तिथे फी नाही, वकील लागत नाही. नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर

त्या कुटुंबाची तक्रार आम्ही मराठीतून लिहून दिली. फॉर्म इंग्रजीत होता, प्रश्न समजावून सांगितले गेले नाहीत, ते चारचौघांत विचारले गेले, हे सगळे त्यात लिहिले. प्रकरण लोकपालांकडे आहे. काय होईल ते आज सांगता येत नाही, आणि खोटी आशा आम्ही दाखवली नाही.

ज्या सोयरिकीसाठी त्या संध्याकाळी 'नाही' म्हटले गेले, ती पुढे दोन महिन्यांतच देण्याघेण्याच्या गोष्टीवरून मोडली होती. आजाराचा त्यात विषयही निघाला नव्हता.

मोठी मुलगी आता नर्सिंगचा कोर्स करून नोकरीला लागली आहे. ती वाहक आहे. यंदा तिच्यासाठी पुन्हा स्थळ आले. या वेळी तिने आईला मध्ये घातले नाही आणि मावशीलाही नाही. त्या मुलाला एकट्याला भेटून तिने सांगितले, "मी एएस आहे. तू तपासणी करून घे, मग आपण पुढचं बोलू." त्याला हे कळणे हा त्याचा हक्क होता, कारण त्याच्या होणाऱ्या लेकरांचा तो प्रश्न होता. गल्लीचा तो प्रश्न नव्हता.

बाईंना आम्ही म्हटले, "ताई, तुम्ही खोटे बोलला नाहीत. तुम्हाला खरे बोलायला कोणी जागा दिली नाही. आता ती जागा तुम्ही करा." त्या हसल्या, म्हणाल्या, "पोरीनं केली जी."

त्या मुलाने तपासणी करून घेतली. तिचा निकाल काय आला, हे आम्ही विचारले नाही. तो त्या दोघांचा कागद आहे.